सिंधूच्या हातातला प्याला

(बरकतपुरा, हैदराबाद येथे वार्षिक व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या विषयाची पत्रिका घरोघरी पोचल्यावर काही जणांच्या भुवया उंचावल्या असतील. ‘व्यसनातून बाहेर पडणारी आई’ हा विषय साहित्याच्या व्यासपीठावर कशाला, तो डॉक्टरांनी बोलावा, समाजसेवकांनी बोलावा, असं कुणाला वाटलं तर त्यात गैर काही नाही. पण या विषयाची पहिली अडचण औषधाची नसून शब्दांची आहे, असं माझं मत आहे. दारू पिणाऱ्या पुरुषाला मराठीत डझनभर नावं आहेत. त्यातली निम्मी तर हसण्यावारी नेणारी आहेत. व्यसनात सापडलेल्या बाईला एकही धड शब्द नाही. ‘तसली’ एवढं म्हणून आपण आवाज खाली आणतो आणि विषय बदलतो. जिला नावच नाही, ती दवाखान्याच्या खिडकीपाशी जाऊन काय सांगणार? म्हणून हा विषय भाषेचा आहे, आणि भाषेचा आहे म्हणून या व्यासपीठाचा आहे.

सुरुवात आपल्या ओळखीच्या नाटकापासून करू. राम गणेश गडकऱ्यांचं ‘एकच प्याला’. जानेवारी १९१९ मध्ये सावनेर इथे गडकरी गेले आणि त्याच वर्षी गंधर्व नाटक मंडळीनं हे नाटक रंगभूमीवर आणलं. बालगंधर्वांची सिंधू पाहून प्रेक्षक रडत. त्या रडण्याच्या आठवणी हैदराबादच्या जुन्या घरांमधूनही पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या. सनद गेलेला वकील सुधाकर, त्याला पहिला प्याला देणारा तळीराम, दळण दळून संसार रेटणारी सिंधू आणि तिचं तान्हं मूल. दारू माणसाचं काय करते हे मराठी माणसाच्या मनावर या नाटकानं जितकं कोरलं, तितकं दुसऱ्या कशानंही नाही. गडकऱ्यांचे उपकार फेडता येण्यासारखे नाहीत.

पण शंभर वर्षांनंतर हे नाटक वाचताना एक गोष्ट लक्षात येते. पिणारा पुरुष, बुडणारा पुरुष, आणि दारूतून बाहेर पडणारा भगीरथ, तोही पुरुषच. बाईच्या वाट्याला एकच काम आलं आहे : सोसण्याचं. हा नाटककाराचा दोष नव्हे. त्या काळचा जो अनुभव त्याच्यासमोर होता, तो त्यानं मांडला. दोष असलाच तर आपला आहे. त्यानं काढलेलं चित्र आपण कायमचं भिंतीवर टांगलं आणि घरात दुसरं काही घडूच शकत नाही असं धरून चाललो. दारू म्हटली की सुधाकर, आणि बाई म्हटली की सिंधू. मग प्याला एखाद्या सिंधूच्याच हातात असेल तर ते आपल्याला दिसतच नाही. दिसलं तरी आपण डोळे मिटून घेतो.

याच्या जोडीला आपल्या तेलुगू शेजाऱ्यांकडचं एक उदाहरण घ्यावंसं वाटतं. १९९२ साली नेल्लूर जिल्ह्यातल्या दुबगुंटा या खेड्यात बायकांनी साऱ्याचं, म्हणजे गावठी दारूचं दुकान बंद पाडलं. वर्धिनेनी रोसम्मा हे नाव त्या चळवळीशी कायमचं जोडलं गेलं. या चळवळीची ठिणगी कुठून पडली? साक्षरतेच्या वर्गातून. प्रौढ बायकांना वाचायला शिकवण्यासाठी तयार केलेल्या पुस्तकात सीतम्मा नावाच्या बाईची कथा होती, बायका एकत्र येऊन गावातलं दारूचं दुकान बंद करतात अशी. अक्षरं गिरवता गिरवता बायका म्हणाल्या, ही तर आमचीच गोष्ट. तिथून आग पसरली. १ ऑक्टोबर १९९३ पासून आंध्रात गावठी दारू बंद झाली, आणि जानेवारी १९९५ मध्ये एन. टी. रामारावांच्या सरकारनं संपूर्ण दारूबंदी लागू केली. ती १९९७ मध्ये उठली, तो भाग वेगळा. मला सांगायचं आहे ते इतकंच की एका धड्यानं एवढं केलं. गोष्ट ओळखीची वाटली की माणसं उठून उभी राहतात. ज्यांची गोष्ट कुणी लिहिलेली नसते, ती जागची हलत नाहीत.

आता आपल्याच घरांकडे पाहू. व्यसनी बाई आपल्या घरात नाहीच असं म्हणणाऱ्यानं आधी आजीच्या उशाशी असलेली डबी उघडून पाहावी. मिश्री. तंबाखूची पानं तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची, वस्त्रगाळ करायची आणि बोटानं दातांना लावायची. सुरुवात दात दुखतो म्हणून. मग सकाळी परसाकडे जाण्याआधी, मग चहानंतर, मग दुपारी, मग झोपताना. डबी सापडली नाही तर सगळं घर डोक्यावर. याला आपण व्यसन कधी म्हटलं का? ‘आजीची सवय’ म्हटलं. प्रौढांच्या तंबाखूसेवनाचं जे सर्वेक्षण २०१६-१७ मध्ये झालं, त्यानुसार भारतात पंधरा वर्षांवरच्या स्त्रियांपैकी १४.२ टक्के स्त्रिया कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेतात, आणि त्यातल्या बहुतेकींची तंबाखू बिनधुराची असते. म्हणजे मिश्री, जर्दा, खैनी, गुटखा.

हे निरुपद्रवी नाही. मुंबईत १,२१७ गरोदर स्त्रियांचा अभ्यास करून २००४ साली एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. बिनधुराची तंबाखू घेणाऱ्या मातांच्या बाळांचं वजन जन्मताना सरासरी १०५ ग्रॅमनं कमी भरलं, असं त्यात आढळलं. १०५ ग्रॅम म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. पण अडीच किलोच्या उंबरठ्यावरच्या बाळाला ते फार असतं. आपल्याकडे गरोदरपणात पपई खाऊ नकोस, ग्रहण पाळ, हे दहा जणी सांगतात. मिश्री लावू नकोस हे सांगणारी अकरावी क्वचितच भेटते, कारण सांगणारीच्याही कनवटीला डबी असते.

दुसरी गोष्ट आपल्या तेलंगणाची. कल्लू, म्हणजे ताडी-शिंदी. इथल्या कष्टकरी समाजात बायका कल्लू पितात आणि त्याची लाज बाळगत नाहीत. बोनालूत देवीला कल्लूचा नैवेद्य असतो. ताज्या शिंदीबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण झाडं कमी आणि गिऱ्हाईक जास्त झालं की भेसळ येते. क्लोरल हायड्रेट, डायझेपाम, अल्प्राझोलाम अशी झोपेची आणि गुंगीची औषधं कल्लूत कालवली जातात, हे वर्तमानपत्रांतून आपण अनेकदा वाचलं आहे. भेसळीवर धाडी पडल्या आणि पुरवठा अचानक थांबला, की माणसं थरथरत, भ्रमिष्टासारखी सरकारी दवाखान्यांत येतात. त्यांत बायकाही असतात. आपल्याला आपण फक्त शिंदी पितो असं वाटत होतं, प्रत्यक्षात कुणीतरी आपल्याला गोळ्यांवर ठेवलं होतं, हे त्यांना तेव्हा कळतं.

आणि तिसरी गोष्ट फ्लॅटच्या बंद दारामागची. झोपेच्या गोळ्या, खोकल्याचं औषध, आणि दारू. २०१९ साली केंद्र सरकारनं अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेमार्फत केलेल्या मोठ्या सर्वेक्षणाचे आकडे प्रसिद्ध झाले. दहा ते पंचाहत्तर वयोगटात २७.३ टक्के पुरुष दारू पितात, तर १.६ टक्के स्त्रिया. आकडा लहान दिसतो. पण आपल्या देशाच्या लोकसंख्येत १.६ टक्के म्हणजे लाखोंच्या घरात जातो. त्याच सर्वेक्षणात असंही आढळलं की दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ माणसांमागे एकालाच काही ना काही उपचार मिळालेला असतो. हा हिशेब स्त्री-पुरुष मिळून आहे. बायकांचं काय होत असेल याचा अंदाज ज्यानं त्यानं करावा.

इथे थोडी शरीराची माहिती सांगणं जरूर आहे, कारण आपला सारा निवाडा ‘चारित्र्य’ या एका शब्दावर होतो. बाईच्या शरीरात पाण्याचं प्रमाण पुरुषापेक्षा कमी असतं आणि जठरात दारूचं विघटन करणारं द्रव्यही कमी असतं. त्यामुळे तेवढीच दारू तिच्या रक्तात जास्त चढते आणि यकृताला लवकर इजा करते. पहिल्या घोटापासून व्यसनापर्यंतचा रस्ता ती पुरुषापेक्षा कमी वर्षांत चालून जाते, असंही डॉक्टरांच्या अनुभवाला आलं आहे. सुधाकराला बुडायला जितकी वर्षं लागतील, त्यापेक्षा कमी वर्षांत सिंधू बुडेल. आणि बुडताना तिला कुणी पाहणार नाही, कारण तिनं लपवायची कला आधीच शिकलेली असते.

आता मुक्तांगणाकडे येऊ. डॉ. अनिल अवचटांनी गर्दच्या, म्हणजे ब्राउन शुगरच्या विळख्यात सापडलेल्या तरुणांवर लेख लिहिले. ते वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई अस्वस्थ झाले आणि त्यांनी आपल्या प्रतिष्ठानातर्फे एक लाख रुपये देऊ केले. येरवड्याच्या मनोरुग्णालयात काम करणाऱ्या डॉ. अनिता अवचटांनी ती जबाबदारी उचलली, आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी त्या रुग्णालयाच्याच आवारात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं. म्हणजे तिथेही पाया लेखनाचाच. एक लेखमाला, तिचे दोन वाचक आणि एक डॉक्टर. मारझोड नाही, साखळदंड नाही, माणसाला माणूस म्हणून वागवायचं, आणि बरे झालेल्यांनाच कार्यकर्ते करायचं, ही तिथली रीत. अनिताबाई १९९७ मध्ये कर्करोगानं गेल्या. पुढे त्यांची कन्या मुक्ता पुणतांबेकर यांनी ते काम चालवलं.

या संस्थेच्या इतिहासातली दोन नावं आपल्या विषयाच्या दृष्टीनं महत्त्वाची आहेत. पहिलं ‘सहचरी’, व्यसनी पुरुषांच्या बायकांचा गट. सिंधूला आपलं दुःख बोलायला मिळालेली ही पहिली जागा म्हणा. दुसरं ‘निशिगंध’, स्त्रियांसाठीचा स्वतंत्र विभाग. हा २००९ मध्ये सुरू झाला. १९८६ आणि २००९ या सालांमध्ये तेवीस वर्षं आहेत. एवढ्या जाणत्या, मायाळू संस्थेलाही स्वतंत्र दालनापर्यंत पोचायला तेवीस वर्षं लागली, यात संस्थेचं उणं नाही. बायका दाराशी येतच नव्हत्या, आणि ज्यांना आणायचं ते आणत नव्हते.

का आणत नव्हते? पुरुष दाखल होतो तेव्हा त्याच्यामागे बायको असते, आई असते, बहीण असते. ती डबा आणते, पैशांची सोय करते, देवाला नवस बोलते. बाई दाखल व्हायची म्हटलं की पहिला प्रश्न : स्वयंपाक कोण करणार? दुसरा : मुलाला कोण सांभाळणार? तिसरा, अगदी हळू आवाजात : लोकांना सांगायचं काय? पाच आठवडे माहेरी गेली म्हणून सांगू, असं ठरतं. मग माहेरचे म्हणतात, आमच्याकडे नको. आणि एकदा व्यसन कळलं की मूल तिच्यापासून तोडायची भाषा सुरू होते. ती भीतीच तिला गप्प बसवते. जिच्याजवळ बरं होण्याचं सर्वांत मोठं कारण आहे, तिला तेच कारण उपचारापासून लांब ठेवतं. आईपणाचा हा पेच पुरुषाच्या वाट्याला येत नाही.

हा पेच नीट समजावा म्हणून एक बाई डोळ्यांसमोर आणू. ही कुणा एकीची कथा नव्हे. कल्पिलेली आहे, आणि तिला मी नावही देत नाही. वय चौतीस. याच भागात तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट. नवरा सकाळी आठला गच्चीबावलीकडे निघतो, रात्री नऊला परततो. पाच वर्षांची मुलगी. बाळंतपणानंतर झोप उडाली होती, त्यासाठी घेतलेल्या गोळ्या सुटल्या नाहीत, आणि मग कुठल्याशा समारंभात हातात आलेला पेला दुपारच्या एकटेपणात घरी आला. बाटली तांदळाच्या डब्यात. तोंडात बडीशेप, वेलदोडा. साडेतीनला शाळेची बस येते, म्हणून तीनपर्यंतच प्यायची, असा तिचा नियम. व्यसनातल्या माणसाला नियम फार प्रिय असतात. एक दिवस तीनचे चार होतात. मुलगी शेजारच्या मावशीकडे बसून राहते. दुसऱ्या खेपेला ती स्वतःच टाचा उंचावून बेल वाजवते, थांबते, पुन्हा वाजवते. पाच वर्षांच्या पोरीला कळतं की आज आई ‘झोपलेली’ आहे, आणि हे बाबांना सांगायचं नाही. त्या दिवशी त्या घरात आई कोण आणि लेक कोण याची अदलाबदल झालेली असते.

मग सासूबाईंना कळतं. आपल्या घरांत अशा वेळी काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. देव्हाऱ्यापुढे नेतात आणि म्हणतात, पोरीच्या डोक्यावर हात ठेव आणि शपथ घे. ती घेते. अगदी मनापासून घेते. त्या क्षणी तिच्याइतकं खरं कुणी बोलत नसतं.

या शपथेबद्दल मला दोन गोष्टी सांगायच्या आहेत. पहिली जिवाशी संबंधित आहे. रोज भरपूर पिणाऱ्यानं दारू एकाएकी बंद केली तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात कापतात, आकडी येऊ शकते, भ्रम होतो, नसलेल्या गोष्टी दिसतात. झोपेच्या गोळ्यांचंही तसंच. हा उपचार डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हायला हवा. शपथ पाळण्याच्या ईर्ष्येनं घरात कोंडून घेतलेली बाई दगावू शकते. दुसरी गोष्ट मनाची. शपथ मोडते तेव्हा, आणि पुष्कळदा ती मोडतेच, त्या बाईच्या हिशेबी तिनं पोरीचा जीव पणाला लावून तो हरलेला असतो. त्या अपराधाचं ओझं हलकं करायला ती पुन्हा प्यायते. आजारी माणसाला आपण शपथ घालतो का? मधुमेह झालेल्या सासऱ्यांना नातवाच्या डोक्यावर हात ठेवून साखर कमी करायला सांगतो का?

आपली कल्पिलेली बाई मात्र वाचते. आकडी आल्यावर तिला दवाखान्यात नेतात. तिथे आठवडाभर औषधं, जीवनसत्त्वांची इंजेक्शनं. डॉक्टर तिला काही विचारत नाहीत, फक्त म्हणतात, तुम्हाला आजार झाला आहे आणि तो आटोक्यात येतो. मग केंद्रात पाच आठवडे. पहिल्या दिवशी ती कोपऱ्यात बसते. आपल्यासारखी आपणच, असं तिला वाटत असतं. तिसऱ्या दिवशी पन्नाशीची एक बाई सांगते की मी तांदळाच्या डब्यात लपवायची. ही मान वर करून बघते. बरं होण्याची सुरुवात तिथे होते.

हे सामर्थ्य जगभर ओळखलं गेलं आहे. १९३५ मध्ये अमेरिकेत ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रन गावी अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस ही चळवळ सुरू झाली, तिचा सगळा भर यावरच आहे : एका व्यसनीचं बोलणं दुसऱ्या व्यसनीला पोचतं, आणि ‘आजचा दिवस’ एवढाच निर्धार पुरतो. पण तिथेही आरंभी सगळे पुरुषच होते. १९३९ मध्ये मार्टी मान नावाची बाई आली तेव्हा, बाईला दारूचं व्यसन असू शकतं हेच अनेकांना पटेना. ती टिकली, आणि १९४४ मध्ये तिनं व्यसन हा आजार आहे हे लोकांना समजावण्यासाठी राष्ट्रीय समिती उभी केली. म्हणजे आपणच मागासलेले आहोत असं समजून खंत करायला नको. ही आंधळी जागा सगळ्यांचीच आहे.

घरी परतल्यावर खरी परीक्षा. पाच आठवड्यांनी परतलेल्या आईला मुलगी बिलगते आणि पहिल्यांदा काय करते? तोंडाचा वास घेते. बाईला ते सुरीसारखं लागतं. पण तिला केंद्रात सांगितलेलं असतं की विश्वास मागायचा नसतो, तो रोजच्या कामातून जमवायचा असतो. साडेतीनला खाली बसपाशी उभं राहणं, हेच तिचं व्रत. डब्यात काय द्यायचं ते आदल्या रात्री ठरवणं. वेणी घालणं. शाळेच्या वहीला कव्हर घालणं. आई होण्याला आपण फार मोठमोठे शब्द जोडून ठेवले आहेत. या बाईला ते शब्द परवडत नाहीत. तिला आईपण साडेतीन वाजता लागतं, रोज, आणि त्यासाठी शुद्धीत राहावं लागतं.

चौथ्या महिन्यात, दिवाळीच्या पाहुण्यांच्या गर्दीत, ती एकदा घसरते. हेही मी मुद्दाम सांगतो, कारण गोष्टीत घसरण नसेल तर ती खरी वाटायची नाही आणि उपयोगीही पडायची नाही. घसरणं हा या आजाराचा भाग आहे. या वेळी ती लपवत नाही. त्याच रात्री नवऱ्याला सांगते, सकाळी समुपदेशक बाईंना फोन करते. पुढच्या वर्षी केंद्रात तिचा व्यसनमुक्तीचा पहिला वाढदिवस होतो. मुलगी विचारते, आई, तुझे दोन वाढदिवस का? या प्रश्नाचं उत्तर त्या आईनं मुलीच्या वयाला शोभेल अशा शब्दांत द्यावं, पण खोटं देऊ नये. मुलांना अर्धंमुर्धं कळलेलंच असतं. न बोललेल्या भागाचा दोष ती स्वतःकडे घेतात.

तर मग आईपणानं ती बरी झाली असं म्हणायचं का? अर्धं म्हणायचं. आईपणानं तिला कारण दिलं. औषध डॉक्टरांनी दिलं, भाषा त्या गटातल्या बायकांनी दिली, वेळ घरानं दिला. यातलं एकही उणं पडलं असतं तर एकटं कारण पुरलं नसतं. ‘एवढी गोड पोरगी असून हिला सुटत नाही म्हणजे काय आई ही’ असं बोलणारे हे विसरतात. उलट बाजूही सांगायला हवी. मूल हे आईचं औषध नव्हे आणि पहारेकरीही नव्हे. ‘आईवर लक्ष ठेव हं’ हे वाक्य घरातल्या मोठ्यांनी मुलाला कधी बोलू नये. आणि ज्या बाईला मूल नाही, किंवा जिचं मूल दुरावलं आहे, तिनं कशासाठी बरं व्हायचं? स्वतःसाठी. तिचा जीव तेवढ्याच मोलाचा आहे. आईपणाचं कौतुक करताना तिला आपण दाराबाहेर ठेवता कामा नये.

एक माहिती घरी जाऊन चारचौघांना सांगावी अशी आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारू आणि अमली पदार्थांमुळे येणाऱ्या मानसिक विकारांचाही समावेश आहे. त्याच कायद्यानं असं सांगितलं आहे की उपचारासाठी दाखल झालेल्या स्त्रीचं तीन वर्षांखालचं मूल सहसा तिच्यापासून तोडू नये. बाळाला धोका आहे असं डॉक्टरांचं मत पडलं तरच वेगळं ठेवावं, आणि तो निर्णयही दर पंधरा दिवसांनी तपासावा. बंगळूरच्या निम्हान्समध्ये आजारी आई आणि तिचं बाळ यांना एकत्र ठेवून उपचार करणारा विभाग आहे. म्हणजे ‘दाखल झालीस तर पोर जाईल’ ही धमकी देणाऱ्याच्या बाजूला कायदा उभा नाही. ज्यांना बोलायचं आहे पण कुणाशी ते कळत नाही, त्यांच्यासाठी १४४४६ हा नशामुक्तीचा राष्ट्रीय दूरध्वनी आहे, आणि मनाच्या कोणत्याही त्रासासाठी १४४१६. दोन्ही फुकट आहेत आणि नाव सांगायची सक्ती नाही. हे आकडे देव्हाऱ्याजवळच्या कॅलेंडरवर लिहून ठेवले तर बिघडणार नाही.

शेवटी पुन्हा आपल्या प्रांतात येतो. आपण हैदराबादची मराठी मंडळी पिढ्यान्‌पिढ्या परभाषेच्या शेजारात राहून आपली भाषा जपत आलो. ग्रंथालयं चालवली, शाळा चालवल्या, दिवाळी अंक मागवले. जपताना एक सवय लागली : घरातलं चांगलं तेवढं बाहेर मांडायचं. ‘आपल्यात असं नसतं’ हे वाक्य आपण इतक्यांदा म्हटलं की ते खरं वाटू लागलं. त्या वाक्याची किंमत मात्र बंद दारामागची कुणीतरी एकटी मोजत असते.

इथे लिहिणाऱ्या मुली बसल्या आहेत, कथास्पर्धांना कथा पाठवणाऱ्या गृहिणी आहेत. त्यांना माझी विनंती आहे. ही बाई लिहा. तिला खलनायिका करू नका, देवीही करू नका. तिच्या तांदळाच्या डब्यासकट, तिच्या शपथेसकट, दिवाळीतल्या घसरणीसकट लिहा. साडेतीनची बस लिहा. सीतम्माच्या धड्यानं दुबगुंट्याच्या बायकांचं जे झालं, ते एखाद्या मराठी कथेनं इथल्या कुठल्या तरी तिसऱ्या मजल्यावर होईल. आणि जे लिहीत नाहीत, त्यांनी एवढं करावं : नात्यातल्या कुणा बाईबद्दल असं काही कानावर आलं तर आवाज खाली न आणता विचारावं, ‘उपचार सुरू झाले का? मुलाला आमच्याकडे ठेवू का तोवर?’

या दुसऱ्या प्रश्नाची ती बाई फार दिवसांपासून वाट पाहत असते.